डोमिशियनची बदनामी कोणी लिहिली?

रोमन सम्राट डोमिशियन (इ.स. 81 ते 96) म्हणजे संशयखोर जुलमी, हे चित्र रंगवलं टॅसिटस आणि धाकटा प्लिनी या सिनेटरांनी, तेही त्याच्या खुनानंतर. गंमत म्हणजे दोघांनाही बढत्या त्याच्याच काळात मिळाल्या होत्या! त्याने नाण्यांतली चांदी वाढवली, सैनिकांचा पगार एक तृतीयांशाने वाढवला; त्याचे दोष मोजणारा रोमन चरित्रकार सुएटोनियसही म्हणतो, प्रांताधिकारी इतके प्रामाणिक पुन्हा कधी नव्हते.

त्याने सिनेटर मारले, हा आक्षेप खराच. पण त्याच्या आधीच्या सम्राट क्लॉडियसने 35 सिनेटर मारल्याचं सुएटोनियसच सांगतो, तरी सिनेटने त्याला देव ठरवलं. डोमिशियनचं नाव मात्र शिलालेखांतून खोडायला लावलं. फरक वारसाचा. क्लॉडियसनंतर सम्राट झालेल्या नीरोला आपल्या या दत्तक पित्याचं देवत्व सोयीचं होतं. डोमिशियननंतर गादीवर त्याच्या घराण्यातलं कोणी आलंच नाही.