कोंदलेला आवाज : दोष कानाचा की स्पीकरचा?

मागील चातुर्मासात आमच्या पवईच्या घरी एक निर्णय जवळजवळ पक्का झाला होता. बाबूजींसाठी श्रवणयंत्र घ्यायचे. नगर जिल्ह्यातील भुसार दुकानात पन्नास वर्षे बसून, हमालांच्या हाका आणि गिऱ्हाइकांची कुजबुज एकाच वेळी टिपणारे त्यांचे कान आता थकले, असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले होते. संध्याकाळी चौविहारानंतर ते दिवाणखान्यात प्रवचनाचे ध्वनिमुद्रण लावून बसत आणि हळूहळू आवाज वाढवत नेत. मग आतल्या खोलीतून कोणीतरी म्हणे, "बाबूजी, जरा कमी करा ना." ते निमूटपणे कमी करीत. काही दिवसांनी त्यांनी प्रवचन लावणेच सोडले. "आवाज येतो रे, पण शब्द येत नाहीत," एवढेच ते म्हणाले.

ते वाक्य कोणी नीट ऐकले असते, तर दोष कोठे आहे हे त्याच दिवशी समजले असते.

माणसाच्या बोलण्यात दोन गोष्टी असतात. स्वर आवाजाला भार देतात, तर व्यंजने शब्दाला आकार देतात. अ, आ, ओ या स्वरांची बहुतेक शक्ती एक हजार हर्ट्झच्या खाली असते. स, श, च, त, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटते ती मुख्यतः दोन हजारांपासून आठ हजार हर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात. वरचा हा पट्टा गळाला, तर आवाज भरपूर येतो. पण 'साठ' की 'आठ', 'तप' की 'जप' हे कळत नाही. रजईखालून कोणी बोलावे तसा तो कोंदलेला आवाज होतो.

अडचण अशी, की हा पट्टा दोन ठिकाणी गळू शकतो. वयपरत्वे कानाची शक्ती उणावते तेव्हा बहुधा उंच पट्टीचेच आवाज प्रथम जातात. आणि घरातील स्पीकरमध्ये उंच पट्टी सांभाळणारा 'ट्वीटर' नावाचा जो छोटा घुमट असतो, तो मुका झाला तरी परिणाम हुबेहूब तोच होतो. तक्रार एक, कारणे दोन. घरात वडीलधारे माणूस असले, की आपण पहिले कारण धरतो आणि दुसरे तपासतच नाही. अनेकांताचा वारसा सांगणाऱ्या घरात ही एकांगी दृष्टी शोभणारी नव्हती.

आमची चूक लक्षात आणून दिली ती आईने. श्रवणयंत्राची चर्चा चालू असता ती म्हणाली, "स्थानकात ध्वनिक्षेपक नसतो. तिथे तिसऱ्या रांगेत बसून यांना व्याख्यान शब्द न् शब्द ऐकू येते. घरीच कसे येत नाही?" या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते.

दुकानदाराच्या घरात जन्मलेल्यांना रोजमेळ ठाऊक असतो. दिवसाअखेर दोन रुपयांचा फरक आला, तर कोणी वही फाडून नवी घालत नाही, मुनिमालाही लगेच दोष देत नाही. एकेक नोंद ताडून पाहतो. जिथपर्यंत मेळ बसतो तिथपर्यंतचे पान सोडून पुढे सरकतो. होम थिएटरचा दोषही याच रीतीने सापडतो. आवाजाचा मार्ग असा : मूळ ध्वनिमुद्रण, टीव्ही, रिसीव्हर, तारा, स्पीकर, खोली आणि शेवटी कान. एका वेळी एकच दुवा तपासावा आणि बाकी सर्व आहे तसे ठेवावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

प्रथम मूळ ध्वनिमुद्रण. तेच प्रवचन मोबाइलवर इअरफोन लावून बाबूजींना ऐकवले. "हे तर स्वच्छ आहे!" ते म्हणाले. मूळ निर्दोष ठरले आणि कानांवरचा अर्धा आरोपही त्याच क्षणी गळून पडला.

दुसरा दुवा रिसीव्हर. बास-ट्रेबलची मांडणी कोणी बदलली आहे का, रात्रीसाठी आवाज दाबणारी सोय चालू राहिली आहे का, हे पाहिले. सर्व जागच्या जागी होते. मग रिसीव्हरमधील चाचणीचा ध्वनी लावला. हा पावसाच्या सरीसारखा 'हिस्स' असा आवाज प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने येतो. टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरमधून तो लख्ख आला. पुढच्या डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून मात्र पावसाऐवजी दूरच्या नळाची घरघर ऐकू यावी तसा आला.

आणि मग एक गोष्ट उलगडली, जिची मला आजही लाज वाटते. हल्लीच्या चित्रपटांचा ध्वनी सहा वाटांनी येतो आणि त्यातील संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून ऐकू येतात. आम्ही पाहत होतो ते चित्रपट, म्हणून आम्हाला सारे स्पष्ट होते. बाबूजींची प्रवचने आणि जुनी भजने दोनच वाटांची. ती फक्त पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरमधून वाजत. म्हणजे बिघाड नेमका त्यांच्या वाट्याला आला होता. आमच्यापैकी एकजणही त्यांच्याजवळ पाच मिनिटे बसून प्रवचन ऐकता, तर सर्वांनाच शब्द लागले नसते.

आता तिसरा दुवा. दोन्ही स्पीकर एकाच वेळी जळणे दुर्मीळ; म्हणून कारण दोघांना समान असणार. आवाज अगदी कमी ठेवून ट्वीटरजवळ कान नेला. संपूर्ण शांतता. खालचा मोठा वूफर तेवढा बोलत होता. रिसीव्हर बंद केला, प्लग काढला आणि स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले. मागे तार जोडण्याचे दोन नव्हे, चार खांब होते. वरची जोडी ट्वीटरची, खालची वूफरची. या दोन जोड्यांना सांधणारी पितळी पट्टी मुळात असते. ती तेथे नव्हती.

वैशाखात घराला रंग दिला, तेव्हा नव्या तारा मीच जोडल्या होत्या. 'ही जादा पट्टी कशाला' असे म्हणून मीच त्या काढल्या, खणात टाकल्या आणि तारा खालच्या खांबांना आवळल्या. बाबूजींचे शब्द मी त्या खणात बंद करून ठेवले होते. पट्ट्या सापडल्या, बसवल्या. एक पैसाही खर्च झाला नाही.

प्रत्येक घरात कारण हेच असेल असे नाही, म्हणून इतर नेहमीची कारणेही सांगतो. पवईसारख्या तलावाकाठच्या दमट हवेत तारांची उघडी तांब्याची टोके काळी-हिरवी पडतात. ती थोडी कापून नवे टोक सोलून घ्यावे. स्पीकर काचेच्या किंवा लाकडी कपाटात कोंडलेले असतील, पुढे जाड पडदा असेल अथवा ते गुडघ्याच्या उंचीवर असतील, तर उंच पट्टीचा आवाज कानापर्यंत पोहोचत नाही. तो सरळ रेषेत जाणारा असतो, म्हणून ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला असावा. घुमट लहान मुलांच्या बोटाने दबला आहे का, हेही पाहावे. दोन स्पीकरपैकी एकाची लाल-काळी तार उलट लागली असेल, तर आवाज पोकळ होतो आणि समोरून न येता खोलीभर विखुरतो. मायक्रोफोन लावून रिसीव्हरची आपोआप जुळणी करताना पंखा आणि एसी बंद ठेवावेत. आणि आपल्या घरांत संगमरवरी फरशी व मोठ्या काचा असतात. त्यांवरून प्रतिध्वनी उठून शब्द एकमेकांत मिसळतात. एक सतरंजी, एक पडदा आणि पुस्तकांचे एक कपाट यांनी पुष्कळ फरक पडतो.

एकच स्पीकर कोंदला असेल, तर रिसीव्हर बंद करून डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करावी. दोष त्याच स्पीकरमध्ये राहिला, तर स्पीकर बिघडला. दुसऱ्या बाजूला सरकला, तर तार किंवा रिसीव्हर. ट्वीटर खरोखर जळला आहे की नाही, हे कारागीर मल्टिमीटरने पाहतो. त्यासाठी ट्वीटर सोडवून त्याच्याच टोकांवर मोजणी करावी लागते, कारण आतील कपॅसिटर मीटरचा प्रवाह अडवतो. आठ ओहमच्या स्पीकरमध्ये साधारण पाच ते सात ओहम दाखवले तर तो जिवंत, आकडा अमर्याद दाखवला तर कॉइल तुटली. अशा वेळी बहुधा केवळ ट्वीटर बदलता येतो. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, असे सुटे भाग शोधणारी मुंबई पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहे.

आवाज वाढवणे हा मात्र उपाय नव्हे. दहा डेसिबल वाढवण्यासाठी ॲम्प्लिफायरला दहापट शक्ती लागते. ती त्याच्या आवाक्याबाहेर गेली, की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि त्यातून निघणारी जादा उंच पट्टीची शक्ती नाजूक ट्वीटरची कॉइल जाळते. म्हणजे कोंदलेला आवाज मोठा करू पाहणारा तो कायमचा कोंदवतो. शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत यतनेचा अर्थ हाही आहे.

चांगली वस्तू तपासल्याशिवाय टाकून नवी आणणे हा परिग्रहाचाच प्रकार. टाकलेले यंत्र कोठेतरी माती आणि पाणी दूषित करते. वस्तू खरोखर निकामी झाली, तर ती भंगारात न देता अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवरही ही जबाबदारी टाकली आहे.

बाबूजींच्या कानांची तपासणी आम्ही नंतर केलीच. उंच पट्टीत वयानुरूप थोडी घट निघाली; यंत्राची गरज सध्या नाही, वर्षाने पुन्हा दाखवा, असा सल्ला मिळाला. म्हणजे कान अगदी निर्दोष नव्हते आणि स्पीकरचा दोष तर ठळक होता. साठी उलटलेल्या प्रत्येकाने ही तपासणी करून घ्यावी आणि श्रवणयंत्र लागलेच तर संकोच करू नये. एवढेच, की तपासणीपूर्वी घरच्यांनी निकाल देऊ नये.

संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमण करून आलो आणि बाबूजींच्या पायांशी वाकून 'मिच्छामि दुक्कडं' म्हणालो. दरवर्षी म्हणतो, त्या वर्षी कशाबद्दल म्हणतो आहे हे मला ठाऊक होते. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "रोजमेळ लागला ना? झाले तर."

आता संध्याकाळी प्रवचन पुन्हा सुरू झाले आहे. आवाज पूर्वीपेक्षा कमी असतो. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर रोज कोणी ना कोणी बसते.