131 सेंटीमीटर, 55 किलो

घोडेगावसारख्या गावात आरोग्य शिबिर भरलं, की उंची-वजन मोजून बीएमआयचा आकडा कागदावर लिहून देतात. अॅकॉन्ड्रोप्लेसिया असलेला, 131 सेंटीमीटर उंचीचा पुरुष 55 किलो भरला तर त्याचा आकडा 32 येतो आणि शेरा पडतो: लठ्ठ. भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा 25 धरतात. तिच्याखाली यायचं तर त्याला 43 किलोच्या आत यावं लागेल.

माणूस लठ्ठ असेल किंवा नसेल, या आकड्यावरून ते कळत नाही. अॅकॉन्ड्रोप्लेसियात हातपाय आखूड राहतात, धड मात्र जवळपास इतरांएवढंच वाढतं. बीएमआय काढताना वजनाला उंचीच्या वर्गाने भागतात. पाय आखूड असले की आकडा फुगणारच. तो चरबी मोजत नाही, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच उदाहरणाने दाखवलं. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय 22.3, पण चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिन यांची 9.1.

मग वजनाकडे पाहायचंच नाही? हा गैरसमज मला जास्त घातक वाटतो. ‘त्याची ठेवणच तशी’ म्हणून घरचे सुटलेल्या पोटाकडे कानाडोळा करतात. या माणसांच्या पाठीच्या कण्यातली मज्जारज्जूची वाट मुळातच अरुंद असते. वाढीव वजनाचा ताण कंबर आणि गुडघ्यांवर येतो, झोपेत श्वास अडकण्याचा त्रासही वाढतो. थोडं चालल्यावर पाय बधिर होतात आणि उकिडवं बसलं की बरं वाटतं, असं होत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं. लघवीवरचा ताबा सुटू लागला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

‘पोट सुटलं म्हणजे साखर होणारच’ हेही खरं नाही. अॅकॉन्ड्रोप्लेसिया असलेल्या मुलांच्या 2018 मधल्या फ्रेंच अभ्यासात पोटावर चरबी होती, पण रक्तातली साखर वाढलेली नव्हती. म्हणून निर्धास्त राहू नये. प्रौढांमध्ये उच्च रक्तदाब बराच आढळतो, आणि तो नीट मोजलाही जात नाही. दंड आखूड असल्याने नेहमीचा पट्टा बसत नाही. लहान पट्टा मागावा. तोही बसत नसेल तर मनगटाच्या वर मोजता येतो.

शिवाय कमी उंचीचं कारण प्रत्येकाचं वेगळं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रौढाची 147 सेंटीमीटर किंवा त्याहून कमी उंची ही एकच रेषा आहे, पण तिच्याखाली अनेक आजार येतात. इक्वाडोरमध्ये वाढीचं संप्रेरक शरीराला लागूच न पडणाऱ्या 99 जणांचा 22 वर्षं पाठपुरावा झाला. त्यांच्यात लठ्ठपणा होता, मधुमेह एकालाही झाला नाही. थायरॉइडच्या कमतरतेने वजन वाढलं असेल तर गोळीने फरक पडतो. त्यामुळे निदानाचं नाव आधी विचारावं.

अॅकॉन्ड्रोप्लेसियात तुलना स्वतःशीच करावी: दर काही महिन्यांनी कंबरेचा घेर मोजून वहीत लिहावा. लहान शरीराला ऊर्जा कमी लागते, म्हणून भाकरी घरातल्या उंच भावाएवढी नको; डाळ, भाजी, ताक मात्र कमी करू नये. पोहणं आणि सायकल सगळ्यांत चांगली. विहिरीत पोहायला हरकत नाही, पण पायऱ्यांनी उतरावं. काठावरून सूर मारला तर धोका मानेला असतो.