७० लाखांतली सात

आईच्या पोटातल्या पाच महिन्यांच्या मुलीच्या अंडाशयांत ६०-७० लाख बीजं असतात. तिचं तोंडही अजून कुणी पाहिलेलं नसतं, पण जन्माची शिदोरी भरून झालेली असते. मग लगेच गळती सुरू. जन्मताना उरतात फार तर २० लाख. साडेचार महिन्यांत ५० लाख गेली, म्हणजे दर मिनिटाला २५! वयात येईपर्यंत तीन-चार लाख राहतात आणि पाळी जाईपर्यंत प्रत्यक्ष बाहेर पडतात जेमतेम ४००.

चाळिशीत उरलेली बीजंही चाळीस वर्षांची झालेली असतात. त्यांच्या गुणसूत्रांची वाटणी चुकू लागते. गर्भाशयाचं तसं नाही. म्हणून दुसरीचं बीज घेतलं की यश बरंचसं बीज देणारीच्या वयावर ठरतं. १९८४ साली कॅलिफोर्नियात असं मूल जन्मल्याचं जाहीर झालं, तेव्हापासून ही वाट रुळली.

आपल्याकडे २०२१ चा कायदा सांगतो: डोनर २३ ते ३५ वर्षांची हवी, तिने आयुष्यात एकदाच बीजं द्यावीत, तीही सातपेक्षा जास्त काढू नयेत आणि एकाच जोडप्याला मिळावीत. एका बीजाची रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून किंचित जास्त. सातही ओळीने मांडली तरी फूटपट्टीवरचा एक मिलिमीटर भरत नाही.

अंडाशयाला मात्र कायदा कळत नाही. दहा-बारा दिवस इंजेक्शनं घेतल्यावर तरुण बाईच्या अंडाशयांत सहज दहा-पंधरा फॉलिकल, म्हणजे बीजांच्या पाणीभरल्या पिशव्या, वाढतात. मग घड्याळ लावून ट्रिगर, म्हणजे बीजं पिकवणारं शेवटचं इंजेक्शन; त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी पिकअप, म्हणजे बीजं काढणं. उशीर झाला तर बीजं आपसूक सुटून हातची जातात. भूल देऊन, सोनोग्राफीवर बघत, सुईने एकेका फॉलिकलमधलं पिवळसर पाणी ट्यूबमध्ये ओढतात आणि लॅबमध्ये ते सूक्ष्मदर्शकाखाली धुंडाळतात. डोनरच्या जिवाची काळजी म्हणून सातची मर्यादा घातली असेल तर हेतू चांगला आहे. पण मोजणी सुरू होईपर्यंत सगळी इंजेक्शनं तिला टोचून झालेली असतात. जपायचंच असेल तर मोजमाप औषधाच्या डोसाचं हवं, असं मला वाटतं.

त्या सातांतली पाच-सहा पक्व निघतात, चारेक फलित होतात. पाचव्या दिवसापर्यंत दोन गर्भ टिकले तरी लॅबवाले खूश असतात.