सुरूच्या झाडाला पक्ष्याचे नाव

कोकणच्या किनाऱ्यावरचे सुरूचे बन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. वारा सुटला की त्याच्या बारीक, लोंबत्या काड्या सूं सूं आवाज करतात. या झाडाचे शास्त्रीय नाव 'कॅसुआरिना'. ते ज्या पक्ष्यावरून पडले तो कॅसोवरी मात्र आपल्या फारशा ओळखीचा नाही.

न्यू गिनी, जवळची काही बेटे आणि ऑस्ट्रेलियातील ईशान्य क्वीन्सलँडची जंगले हे त्याचे घर. उंची जवळजवळ माणसाएवढी, मान निळी, डोक्यावर शिंगासारखा टोप आणि पायाच्या आतल्या बोटाला सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची धारदार नखी. त्याला उडता येत नाही. काळी पिसे केसांसारखी लोंबतात. सुरूच्या काड्या तशाच दिसतात, म्हणून झाडाला त्याचे नाव मिळाले.

'कॅसोवरी' हा शब्द मलाय भाषेतील 'कासुवारी'वरून आला. १५९७ साली डच जहाजातून जावाहून एक कॅसोवरी ॲमस्टरडॅमला पोहोचला. युरोपात त्याला 'एमू'ही म्हणत. पुढे ते नाव ऑस्ट्रेलियातील दुसऱ्याच पक्ष्याला चिकटले. 'एमू' आला पोर्तुगीज 'एमा'वरून, आणि त्याचे मूळ अरबी 'नआमा', म्हणजे शहामृग, असावे असे काही अभ्यासक मानतात. आपल्या 'शहामृगा'तही हरीण नाहीच. फारसी 'मुर्ग' म्हणजे पक्षी, त्याचा मराठीत 'मृग' झाला! 'सुरू'सुद्धा फारसी 'सर्व'वरूनच आला. नावे अशी देशोदेशी फिरतात, घरे बदलतात.

पक्ष्याला मात्र घर बदलता येत नाही. कॅसोवरीची मादी अंडी घालून निघून जाते. नर सुमारे ५० दिवस ती उबवतो आणि पुढे कित्येक महिने पिलांना सोबत घेऊन हिंडतो. हा पक्षी फळे अख्खी गिळतो आणि बिया दूरवर टाकतो. काही बिया तर इतक्या मोठ्या की तिथला दुसरा कोणताच पक्षी त्या गिळू शकत नाही. म्हणजे जंगलाची पेरणी त्याच्याकडे! क्वीन्सलँडमध्ये जंगल तुटले, त्यातून रस्ते गेले. मोटारींखाली आणि कुत्र्यांच्या हल्ल्यात हे पक्षी मरतात. पेरणारा गेला तर उगवणार काय?

सुट्टीत मुलांना समुद्रावर नेऊ तेव्हा सुरूखाली बसून त्यांना या पक्ष्याची गोष्ट जरूर सांगू या. तो नुसता नावापुरता उरू नये.