सळईशिवाय नाही

लातूरकडच्या गवंड्यांना इंटरलॉकिंग विटांचं काम शिकवताना मी पहिल्या थराला अजिबात घाई करू देत नाही. तेवढाच थर मालात बसतो, वरचे सगळे कोरडे. नेहमीच्या बांधकामात वीट कमीजास्त निघाली तरी सांध्यातला माल सांभाळून घेतो. इथे सांभाळणारं काहीच नाही. दहा सेंटीमीटर उंचीच्या विटांचे तीस थर म्हणजे तीन मीटर भिंत; एका टोकाच्या विटा मिलिमीटरभर जाड निघाल्या, तर वर पोचेपर्यंत तीन सेंटीमीटरचा फरक! म्हणून विकत घेण्याआधी दहा-दहा विटांच्या चळती रचून त्यांची उंची मोजा.

ही वीट भाजत नाहीत. चाळलेला मुरूम, साधारण पाच ते दहा टक्के सिमेंट आणि जेमतेम ओल येईल एवढं पाणी यंत्रात दाबायचं, मग पाणी मारत सावलीत मुरू द्यायचं. आपली काळी माती चालत नाही. ती ओलीने फुगते, सुकली की भेगाळते. तिच्याखालचा मुरूम घ्या. माती दाबायचं सिन्वा-रॅम हे हातयंत्र 1950 च्या दशकात कोलंबियात तयार झालं. पुढे 1980 च्या दशकात थायलंडमध्ये त्याच धर्तीवर खाचांच्या, आरपार भोकं असलेल्या विटा निघू लागल्या.

ती भोकं मला खाचेपेक्षा मोलाची वाटतात. खाच वीट जागेवर बसवते, पण भूकंपात भिंत धरून ठेवते ती भोकातून पायापर्यंत गेलेली सळई, तिच्याभोवती ओतलेलं पातळ काँक्रीट आणि जोत्यावर, लिंटलवर फिरलेले पट्टे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाडजूड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्या भिंतींत वजन होतं, बांधून ठेवणारं काही नव्हतं. सिमेंट वाचलं म्हणून खूश झालेला घरमालक सळईही वाचवायला निघतो, तेव्हा मला संताप येतो. 2001 च्या भूकंपानंतर कच्छमध्ये दाबलेल्या मातीच्या पोकळ इंटरलॉकिंग विटांची घरं बांधली, तीही सळया आणि पट्टे घालूनच.

काँक्रीट मात्र दर काही थरांनी ओतायचं, सगळी भिंत झाल्यावर एकदम नाही. ओतताना सळईने टोचत राहायचं. भोकात पोकळी राहिली, तर बाहेरून कुणालाच दिसत नाही.