वीजबिल, यंत्रमाग आणि आखातातला पगार : ऊर्जेचं अर्थशास्त्र आपल्या मुलांनी का शिकावं?

भिवंडी-मालेगावात कुणालाही विचारा, धंदा कसा चाललाय? सुताचा भाव आणि विजेचा दर, या दोन गोष्टींवर बोलणं येतंच. रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यात विचारा, तर कुवेत, दुबई, सौदीची गोष्ट निघते. तिथे तेलाचा भाव पडला की इथे घराचं बांधकाम थांबतं. 2014 च्या मध्याला पिंपाला 100 डॉलरच्या वर असलेलं कच्चं तेल जानेवारी 2016 मध्ये 30 डॉलरच्याही खाली आलं. त्याच वर्षी सौदीत बांधकाम कंपन्यांमधल्या हजारो भारतीय कामगारांचे पगार थकले. भारत सरकारला त्यांच्या जेवणाची आणि परतीची सोय करावी लागली.

म्हणजे विजेचा आणि तेलाचा भाव आपल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचतो. पण हा भाव ठरतो कसा, हे शिकवणारा विषय आपल्या घरांत फारसा कुणाला माहीत नाही. मेडिकल, इंजिनिअरिंग, डी.फार्म., बी.एड. यापलीकडे आपली चर्चा जात नाही. या विषयाला एनर्जी इकॉनॉमिक्स, म्हणजे ऊर्जेचं अर्थशास्त्र म्हणतात. उर्दू माध्यमाच्या मुलांनी मआशियातमध्ये ‘तलब व रसद’ वाचलेलं असतं, मराठी माध्यमाच्या मुलांनी ‘मागणी व पुरवठा’. पाया तोच आहे. फक्त इथे माल जरा वेगळा आहे.

वीज हा वेगळा माल का?

कांदा चाळीत ठेवता येतो, कापड गोदामात ठेवता येतं. वीज मोठ्या प्रमाणावर साठवणं अजून महाग आहे. ज्या क्षणी बटण दाबलं, त्याच क्षणी कुठेतरी ती तयार व्हावी लागते. म्हणून तिचा भाव दिवसातून अनेकदा बदलतो.

भारतात 2003 च्या वीज कायद्याने या बाजाराचा रस्ता मोकळा केला आणि 2008 मध्ये वीज एक्स्चेंज सुरू झाले. तिथे उद्याच्या विजेचा लिलाव आज होतो. दिवसाचे 15-15 मिनिटांचे 96 भाग पाडतात आणि प्रत्येक भागाचा भाव वेगळा निघतो.

तो कसा निघतो, ते छोट्या उदाहरणाने पाहू. समजा, संध्याकाळी 7 वाजता 100 युनिट हवे आहेत. सोलरचा पुरवठा सूर्य मावळल्यामुळे बंद. जलविद्युतवाला 40 युनिट 2 रुपयांनी द्यायला तयार आहे, कोळशावरचा एक प्रकल्प 40 युनिट 4 रुपयांनी आणि गॅसवरचा प्रकल्प 40 युनिट 9 रुपयांनी. स्वस्तापासून सुरुवात केली तर 80 युनिट पहिल्या दोघांकडून मिळतात. उरलेल्या 20 युनिटसाठी गॅसवाल्याकडे जावंच लागतं. मग त्या 15 मिनिटांचा भाव होतो 9 रुपये, आणि तो सगळ्यांनाच मिळतो.

मुलं इथे हमखास विचारतात, 2 रुपयेवाल्याला 9 का द्यायचे? प्रश्न बरोबर आहे. पण ज्याने जेवढे मागितले तेवढेच द्यायचे ठरवले, तर 2 रुपयेवाला दुसऱ्या दिवशी 2 मागणारच नाही. सगळ्यात वरचा भाव किती जाईल, याचा अंदाज बांधून तो साडेआठ मागेल. सगळ्यांना एकच भाव दिला, की आपला खरा खर्च सांगण्यात त्याचं नुकसान नसतं. अर्थात बाजारात पुरेसे विकणारे असतील तरच हे चालतं.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे. मागणी 100 वरून 80 वर आली, तर भाव 9 वरून थेट 4 वर येतो. म्हणजे गर्दीच्या वेळी थोडी वीज वाचली तरी सगळ्यांचा फायदा होतो. दिवसा स्वस्त आणि संध्याकाळी महाग असे दर आता बिलात का येऊ लागले आहेत, त्याचं मूळ इथे आहे.

भावाला लगाम घालावा का?

मार्च 2022 मध्ये उन्हाळा लवकर आला, मागणी वाढली आणि एक्स्चेंजवर काही वेळा भाव युनिटला 20 रुपयांपर्यंत गेला. एप्रिलमध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने 12 रुपयांची मर्यादा घातली. पुढच्या वर्षी ती 10 रुपये झाली. हे योग्य की अयोग्य, यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहे. मर्यादा फार खाली ठेवली तर महाग इंधनावरचे प्रकल्प वीज विकायलाच येणार नाहीत. मर्यादाच नसली तर टंचाईचा फायदा उठवला जाईल.

हा वाद आपल्याला अनोळखी नाही. मदीनेत भाव वाढले तेव्हा लोकांनी भाव ठरवून देण्याची विनंती केली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते टाळलं, असं हदीसमध्ये आलं आहे. त्याच वेळी साठेबाजी, म्हणजे एहतिकार, निषिद्ध ठरवली. पुढे इब्ने तैमिया यांनी मांडलं की भाव नैसर्गिक कारणाने वाढला असेल तर हस्तक्षेप करू नये, पण विकणाऱ्यांनी संगनमत करून लोकांना अडवलं असेल तर हाकिमाने भाव ठरवून द्यावा. आजचा नियामक आयोग नेमका हाच प्रश्न सोडवत असतो : ही वाढ टंचाईची की लबाडीची? फरक इतकाच, की आज याचं उत्तर आकड्यांतून काढावं लागतं.

दाभोळचा धडा

आपल्या देशात बहुतेक वीज अजूनही लांब मुदतीच्या करारांनी विकत घेतली जाते. एक्स्चेंजचा वाटा त्या मानाने लहान आहे. म्हणून करार वाचता येणं फार महत्त्वाचं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या कोकणातच आहे, गुहागर तालुक्यात.

1993 मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी करार केला. पहिला टप्पा 740 मेगावॅटचा होता आणि 1999 मध्ये त्याची वीज सुरू झाली. करारात दोन गोष्टी होत्या. वीज उचलली नाही तरी प्रकल्पाचा स्थिर आकार द्यायचा, आणि पैशाचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. 1993 मध्ये डॉलर 31 रुपयांच्या आसपास होता, 2001 पर्यंत 47 च्या आसपास गेला. त्यात इंधन महागलं. वीज महाग म्हणून मंडळ कमी उचलू लागलं, पण स्थिर आकार तेवढाच राहिल्याने तो थोड्या युनिटांवर वाटला जाऊन प्रतियुनिट दर आणखी चढला. 2001 मध्ये मंडळाने खरेदी थांबवली आणि प्रकल्प बंद पडला. वर्षअखेर अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली.

हा धोका आधी कुणी दाखवला नव्हता असं नाही. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेने 1990 च्या दशकातच या कराराचं विश्लेषण करून इशारे दिले होते. त्यासाठी काही गुप्त माहिती लागली नाही. गणित, करार वाचण्याची चिकाटी आणि अर्थशास्त्राची समज लागली.

शिकायचं कसं?

सुरुवात दहावीनंतर होते, आणि पहिली गोष्ट म्हणजे गणित सोडू नका. आपल्याकडे, विशेषतः मुलींच्या बाबतीत, आर्ट्स म्हणजे गणितातून सुटका असं समजतात. पण राज्य मंडळात आर्ट्सच्या विद्यार्थ्यालाही अकरावी-बारावीला गणित घेता येतं. पुढे अर्थशास्त्राच्या चांगल्या संस्थांत याच गणिताची गरज पडते.

बारावीनंतर अर्थशास्त्रात बी.ए. किंवा बी.एस्सी. करावं. सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि अर्थमिती हे तीन पेपर पक्के करा. इंजिनिअरिंग किंवा गणितातली पदवी असलेली मुलंही पुढे या बाजूला येऊ शकतात. ऊर्जेचा खास अभ्यास बहुतेक ठिकाणी एम.ए., एम.एस्सी.च्या पातळीवर येतो, कधी पर्यावरण अर्थशास्त्राबरोबर.

पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट 1930 पासून आहे. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने 1987 मध्ये उभारलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. तिचे संस्थापक संचालक किरीट पारीख हे देशाच्या एकात्मिक ऊर्जा धोरणाच्या समितीचे अध्यक्ष होते. दिल्लीत टेरीचं विद्यापीठ आहे. अलीगढ आणि जामिया मिल्लिया इथेही अर्थशास्त्राचे जुने विभाग आहेत. आय.आय.टी.च्या जॅम परीक्षेत 2021 पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे. प्रवेशाचे नियम आणि फी दरवर्षी बदलतात, म्हणून कुणाच्या सांगण्यावर न जाता संस्थेच्या संकेतस्थळावर पाहा. पैशाची अडचण असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करा.

नोकऱ्या कुठे? वीज कंपन्यांचे खरेदी विभाग, नियामक आयोग, एक्स्चेंज, तेल आणि सौर कंपन्या, बँका, सल्लागार आणि संशोधन संस्था. यू.पी.एस.सी.तर्फे होणारी इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसची परीक्षाही आहे.

जिथे दर ठरतो, तिथे

आणि एक काम असं आहे ज्याला पगार नसला तरी समाजाला त्याची फार गरज आहे. वीज कायद्यानुसार दरवाढीचा प्रस्ताव जाहीर करावा लागतो, आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोगाला आदेश द्यावा लागतो. म्हणजे मालेगावचा यंत्रमागधारकही हरकत नोंदवू शकतो. पण ‘दर परवडत नाही’ एवढंच सांगून भागत नाही. खरेदीचा कुठला खर्च फुगवला आहे, गळती किती धरली आहे, आपल्या गटावर बोजा का टाकला आहे, हे प्रस्तावातल्या आकड्यांवर बोट ठेवून दाखवावं लागतं. शेकडो पानांचा तो प्रस्ताव वाचणारी दोन-चार मुलंमुली प्रत्येक यंत्रमागाच्या गावातून निघाली, तर इन्शाअल्लाह आपलं म्हणणं नुसतं ऐकलं जाणार नाही, त्याला उत्तर द्यावं लागेल.

सुरुवात आज घरातच करता येईल. या महिन्याचं बिल मुलासमोर ठेवा. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, एकेका ओळीचा अर्थ त्याला शोधायला सांगा. जो मुलगा किंवा मुलगी पुन्हा येऊन ‘हा आकार का लावतात?’ असं विचारेल, त्या मुलाला अकरावीला गणित घ्यायला लावा.