विंचू बोटाला, थकते हृदय

पावसाआधी आंबोलीकडे गडगे नीट करायचे काम निघते. जांभ्याचा दगड उचलावा आणि बोटातून कळ जावी, असा अनुभव पुष्कळांना असेल. आता श्रोतेहो, डंख तर बोटाला. मग काही माणसांचे हातपाय गार का पडतात, हृदय का थकते?

मज्जातंतू म्हणजे तारायंत्राची तार, असे आम्ही मास्तर मंडळी सांगत आलो. ते पुरते खरे नव्हे. तारेतून वीज सरळ वाहते; तंतूतला निरोप एकेक दार उघडत पुढे सरकतो. तंतूच्या बाहेर सोडियम पुष्कळ, आत थोडा. निरोप आला की तिथली सूक्ष्म दारे उघडतात, सोडियम आत शिरतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारास दारे मिटतात. तोवर पुढची उघडलेली असतात. जलद तंतूंत हा निरोप सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो.

कोकणातल्या तांबड्या विंचवाचे विष नेमके दारांचे हे मिटणे बिघडवते. निरोप थांबतच नाही. हृदय, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी आपल्याला न विचारता चालवणारे तंतूही मग खवळतात. घाम सुटतो, उलट्या होतात, रक्तवाहिन्या आवळतात. त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साठते.

महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे रोगी दगावताना पाहिले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यांनी वापरून पाहिले आणि 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लिहिले. पूर्वी अशा गंभीर रोग्यांत शंभरांतले तीसच्या आसपास दगावत. प्राझोसिननंतर ते प्रमाण एकाच्या आसपास आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता एक उलटी गोष्ट. वेदनेने ओरडणारा माणूस बहुधा वाचतो. विष त्याच्या बोटापुरतेच राहिलेले असते. मांत्रिकाची कीर्ती वाढते ती याच रोग्यांवर! फारशी कळ नाही, पण घामाने भिजला आहे, उलट्या होताहेत, हातपाय गार आहेत, असा माणूस मात्र रात्रीच घाट उतरून सावंतवाडीला न्यावा. सकाळची एस.टी. पाहत बसू नये. जवळ आरोग्य केंद्र असेल तर आधी तिथे.

गोळी डॉक्टरांनीच द्यायची. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणून रोग्याला आडवेच ठेवतात, आणि मूल कितीही रडले तरी आईला ते कडेवर उचलू देत नाहीत.